रेडिओ विकत घेण्याआधी: कार्टिंगची टीम, स्कीइंगची शर्यत आणि बोलण्याची वेळ

तुमचा प्रश्न मी असा समजलो. ठाण्यातले तुम्ही चौघं मित्र एका हौशी एन्ड्युरन्स कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांची लांब पल्ल्याची शर्यत) स्पर्धेत उतरताय, आळीपाळीने चालवणार. सरावात पिटमधून (ट्रॅकलगतच्या टीमच्या जागेतून) बोलणारा आणि कार्ट चालवणारा यांची जुंपली. एक म्हणतो ‘तू ऐकत नाहीस’, दुसरा म्हणतो ‘तू गप्प बसत नाहीस’. त्यात मनालीत राहणाऱ्या, स्कीइंगच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या तुमच्या आतेभावाने तेल ओतलं: ‘तुमच्याकडे टीम लागते, आमच्याकडे वर उभं राहिलं की माणूस एकटा.’ आता तुम्ही विचारताय की टीमवर्क नेमकं कुठे जास्त असतं, चांगला रेडिओ घेतला तर भांडण मिटेल का आणि आपण बोलायचं तरी कसं.

‘कुठे जास्त’ हा वाद टपरीवरच्या चहासोबत ठीक आहे, तुमचं काम त्याने होणार नाही. टीम दोन्हीकडे असते. फरक बोलण्याच्या वेळेत आहे. स्कीइंगमध्ये जे काही बोलायचं ते स्टार्ट गेटच्या अलीकडे संपवावंच लागतं. मोटर रेसिंगमध्ये ते शर्यतभर चालू ठेवता येतं, आणि माझ्या मते ही सोयच आपल्याला बिघडवते. आदल्या दिवशी बसून मिटवायच्या गोष्टी आपण रेडिओवर ढकलतो. तुमच्या दोघांचं भांडण मला तरी त्याच जातीचं वाटतं.

मी कोण, तेही सांगतो. बरीच वर्षं रॅलीत को-ड्रायव्हर म्हणून बसलो, आता वागळे इस्टेटमधल्या गॅरेजमधून एका छोट्या टीमचं काम बघतो. बर्फाशी ओळख मनालीजवळच्या सोलांगला घेतलेल्या स्कीइंगच्या प्रशिक्षणामुळे झाली, पुढे काही हिवाळे तिथल्या शर्यतींना गेट जज म्हणून, म्हणजे खेळाडू प्रत्येक गेटमधून (उतारावर रोवलेल्या खांबांमधून) नीट गेला का ते बघायला, उभा राहिलो. म्हणजे स्कीइंगचं माझं ज्ञान कडेला उभं राहून मिळवलेलं आहे, त्याला तेवढंच वजन द्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट तपासा. तुमच्या स्पर्धेत रेडिओ चालतो का? हौशी स्पर्धांत आयोजकागणिक नियम बदलतात. कुठे रेडिओ, कुठे फक्त पिट बोर्ड (पिटमधून ड्रायव्हरला दाखवायची निरोपाची पाटी), कुठे दोन्ही नाही. आणि परवानगी असली तरी काय बोलायला परवानगी आहे हा वेगळा मुद्दा असतो. २०१६ साली फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरला रेडिओवरून काय सांगायचं यावर कडक बंधनं होती. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत मर्सिडीजच्या निको रोसबर्गला गिअरबॉक्सबद्दल पिटमधून सल्ला मिळाला, त्यापायी १० सेकंदांचा दंड बसला आणि दुसऱ्याचा तिसरा झाला. त्याच हंगामात पुढे ती बंधनं बरीचशी उठवली, पण दंड गेला तो गेलाच.

आता बर्फाकडे येऊ, कारण तुमच्या उपयोगाचं जास्त सामान तिकडे आहे.

ऑस्ट्रियात किट्झब्यूलला श्ट्राइफ नावाचा डाउनहिलचा, म्हणजे स्कीइंगमधल्या सगळ्यात वेगवान शर्यतीचा, उतार आहे. लांबी ३३१२ मीटर, वरपासून खालपर्यंत ८६० मीटरचा उतार, सगळ्यात तीव्र जागी तो ८५ टक्के. तिथला विक्रम फ्रिट्झ श्ट्रोबलचा, १९९७ मधला, १ मिनिट ५१.५८ सेकंद. स्वित्झर्लंडमध्ये वेंगेनच्या शर्यतीत २०१३ साली योहान क्लारेचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला. म्हणजे सेकंदाला ४५ मीटर. या वेगात कुणी कानात ‘जरा वरून घे’ म्हणालं तर वाक्य पुरं होईपर्यंत ते गेट केव्हाच मागे पडलेलं असतं. त्यामुळे ती पावणेदोन-दोन मिनिटं कानात कुणीच नसतं.

तुमचा आतेभाऊ ज्याला एकटेपणा म्हणतो तो हा. पण त्याआधी काय चालतं ते बघा. शर्यतीच्या सकाळी इन्स्पेक्शन असतं. खेळाडू आणि प्रशिक्षक कोर्सच्या (शर्यतीच्या आखलेल्या मार्गाच्या) कडेने हळूहळू घसरत, थांबत, एकेक गेट बघत उतरतात. शर्यतीसारखं गेटांतून सुटायला तेव्हा मनाई. डाउनहिलला आदल्या दिवसांत सरावाच्या फेऱ्या तरी मिळतात, सुपर-जीला (डाउनहिलपेक्षा थोडी जास्त वळणं असलेल्या शर्यतीला) त्याही नाहीत, नुसतं बघायचं आणि उतरायचं. स्लालम आणि जायंट स्लालम या जास्त वळणांच्या शर्यतींना दोन फेऱ्या, आणि दुसऱ्या फेरीला गेटं नव्याने मांडलेली. म्हणून स्टार्टपाशी खेळाडू डोळे मिटून हाताचे पंजे वळवत उभे दिसतात. ते डोक्यात पूर्ण कोर्स उतरत असतात.

मग खरं रेडिओचं काम सुरू होतं, फक्त ते खेळाडूच्या कानात नसतं. मोठ्या संघांचे प्रशिक्षक कोर्सवर अवघड जागा वाटून घेऊन उभे असतात. पहिले काही खेळाडू गेले की खालून वर निरोप जातो: अमुक उंचवट्यानंतर बर्फ फुटायला लागलंय, रेषा मीटरभर वर धरा. खाली पोचलेला खेळाडूही रेडिओ हातात घेऊन अजून वर थांबलेल्या सहकाऱ्याला सांगतो. स्टार्टपाशी उभा असलेला प्रशिक्षक हे सगळं ऐकतो आणि खेळाडूला त्यातलं एखादं वाक्य देतो. कधी काहीच देत नाही. त्या माणसाचं सगळं कसब हेच, की आलेल्या दहा निरोपांतले नऊ स्वतःच्या पोटात ठेवायचे. मला विचाराल तर दोन्ही खेळांतलं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी दिसणारं काम आहे.

या निरोपांत आणखी एक गोम आहे. एका देशाचे खेळाडू एकाच संघातले असले तरी घड्याळ ज्याचं त्याचं. मी खाली जाऊन सहकाऱ्याला खरं सांगितलं आणि त्याने त्या माहितीवर मलाच मागे टाकलं, तर? नॉर्वेच्या पुरुष संघाचं नाव या बाबतीत नेहमी घेतलं जातं, कारण ते एकमेकांना हातचं न राखता सांगतात. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचं सुवर्ण अक्सेल लुंड स्विंडालने घेतलं आणि रौप्य त्याच्याच संघातल्या शेटिल यान्सरुडने, अंतर ०.१२ सेकंद. अशा अंतराने हरण्याची तयारी असेल तरच माणूस खरं सांगतो.

स्कीच्या तळाला वॅक्स लावणारा, कडांना धार देणारा सर्व्हिसमन वेगळाच. मोटर रेसिंगवाल्यांना तो लगेच कळेल, कारण आपला मेकॅनिक तोच. २०२३-२४ च्या हंगामापासून फ्लोरिनवालं वॅक्स आंतरराष्ट्रीय शर्यतींत बंद झालं, तेव्हा या मंडळींना बरंच काही नव्याने शिकावं लागलं.

मग आतेभाऊ चुकीचं बोलतोय का? नाही. त्याच्या जागेवरून ते खरंच आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा आरिफ खान गेला होता, जायंट स्लालममध्ये ४५ वा आला. आपल्या खेळाडूंची आंतरराष्ट्रीय क्रमवारी मागची, त्यामुळे बिब नंबर (छातीवरचा, सुटण्याच्या क्रमाचा आकडा) मोठा. त्यांची पाळी येईपर्यंत कोर्सवर खळगे पडलेले असतात, आणि उतारावर जागोजागी रेडिओ घेऊन उभी राहणारी माणसं आपल्याकडे नसतात. म्हणजे माहितीची गरज सगळ्यात जास्त ज्याला, त्याच्याकडे ती आणणारी माणसं सगळ्यात कमी. ‘आमच्यात टीम नसते’ हे स्कीइंगबद्दल खरं नाही, आपल्याकडच्या तुटपुंज्या व्यवस्थेबद्दल मात्र शंभर टक्के खरं आहे. भावाशी वाद घालताना एवढं ध्यानात ठेवा.

मोटर रेसिंगची बाजू तुम्हाला बरीचशी माहीत असणार, म्हणून तीनच गोष्टी सांगतो.

फॉर्म्युला वनमध्ये गाडीतली शेकडो आकडेवारी पिटमध्ये दिसते, पण पिटमधून गाडीत बदल करणं २००३ पासून बंद आहे. इंजिनिअरला दिसतं सगळं, हात लावता येत नाही. जे करायचं ते ड्रायव्हरकडून बोलून करून घ्यावं लागतं. म्हणून तिकडे बोलणं एवढं महत्त्वाचं झालं. आणि एवढी माणसं कामाला असून ड्रायव्हरच्या कानात आवाज सहसा एकाचाच, रेस इंजिनिअरचा. टायरवाला, डावपेचवाला, इंजिनवाला सगळे त्याला सांगतात, तो गाळून पुढे देतो. बर्फावरच्या स्टार्टपाशी उभा असलेला माणूस आठवला ना? काम तेच. तरी कधीकधी जास्त होतंच. २०१२ ला अबू धाबीत किमी रायकोनेन पुढे असताना इंजिनिअर त्याला मागच्या अलोन्सोचं अंतर सांगू लागला, तेव्हा त्याने ‘मला एकट्याला सोडा, काय करायचं ते मला कळतं’ म्हणून झटकून टाकलं आणि शर्यत जिंकली. लोक हा किस्सा ड्रायव्हरच्या तोऱ्याचा म्हणून सांगतात. मला त्यात एवढंच दिसतं की कुणाला किती बोललेलं चालतं हे आधी ठरवायला हवं.

दुसरी गोष्ट पिट स्टॉपची. मॅक्लॅरेनने २०२३ मध्ये कतारला लँडो नॉरिसचे चारही टायर १.८० सेकंदांत बदलले. प्रत्येक चाकाला तीन माणसं, जॅकवाले, गाडी स्थिर धरणारे, मिळून वीसेक जण. त्या पावणेदोन सेकंदांत कुणी कुणाशी बोलत नाही, बोलायला वेळच नसतो. टीमवर्कचं सगळ्यात मोठं प्रदर्शन म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो ते बिनबोलण्याचं असतं, अगदी स्कीइंगसारखं. सगळं आधी ठरलेलं, घोटलेलं. आणि तिथे एखादा निरोप गळाला तर काय होतं, ते २०२० मध्ये बहारीनमधल्या साखिरच्या शर्यतीत दिसलं. मर्सिडीजने दोन्ही गाड्या पाठोपाठ आत बोलावल्या, पण रेडिओच्या बिघाडामुळे निरोप टायर आणणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचलाच नाही. आघाडीवर असलेल्या जॉर्ज रसेलच्या गाडीला वाल्टेरी बोटासचे पुढचे टायर लागले. त्याला पुन्हा आत यावं लागलं, बोटास आपल्या जुन्याच टायरवर बाहेर गेला, आणि शेवटी दोघं आठवे-नववे. त्या दिवशी कुणाच्या कौशल्यात काही कमी नव्हतं. निरोप पोचला की नाही हे कळायची सोय नव्हती, एवढंच.

तिसरी, २०२४ ची हंगेरीतली शर्यत. मॅक्लॅरेनने डावपेच म्हणून नॉरिसला आधी पिटमध्ये घेतलं, त्यामुळे तो पुढे असलेल्या ऑस्कर पियास्त्रीच्या पुढे निघाला. मग जागा परत दे म्हणून इंजिनिअर लॅपमागून लॅप (ट्रॅकची फेरीमागून फेरी) त्याची समजूत घालत राहिला, आणि शेवटचे मोजके लॅप उरले असताना नॉरिसने ती दिली. पियास्त्रीची ती पहिली जिंकलेली शर्यत, पण जगभरच्या लोकांनी ऐकलं ते रेडिओवरचं आर्जव. दोघं पुढे-मागे आले तर कोण कुणाला सोडणार, हे घरात बसून नीट पक्कं झालेलं असतं तर ताशी तीनशेच्या वेगात कुणाला कुणाची मनधरणी करावी लागली नसती.

माझा स्वतःचा धंदा, रॅलीचा, या दोन टोकांच्या मधे बसतो. रॅलीत आम्ही रेकीला ठरलेल्या कमी वेगाने तोच रस्ता जातो, ड्रायव्हर प्रत्येक वळण बोलतो, मी पेस नोट्स लिहितो. हे इन्स्पेक्शनच. मग स्पर्धेत त्याच नोट्स मी इंटरकॉमवर वाचतो. म्हणजे शर्यत चालू असताना बोलणं आहे, पण नवीन असं जवळपास काही नाही. नाशिकच्या रॅलीत धुळीच्या लोटात पुढचं काही दिसत नसतं, तेव्हा ड्रायव्हर माझ्यावर विश्वास टाकत नसतो, कालच्या स्वतःच्या शब्दांवर टाकत असतो. मी फक्त ते वेळेवर परत देतो. वेळेवर म्हणजे वळणाच्या एक-दोन वळणं आधी. लवकर दिलं तर विसरतो, उशिरा दिलं तर उपयोग नाही. को-ड्रायव्हर बनायला कुणी आला की मी त्याला पारसिक हिलच्या किंवा येऊरच्या रस्त्यावर तीसच्या वेगाने, मागच्यांचे हॉर्न खात, नुसत्या नोट्स लिहायला लावतो. (पाम बीच रोडवर रात्री ‘सराव’ करणाऱ्यांसाठी हे उत्तर नाही.)

तर आता तुमचं बघू.

रेडिओ बाजूला ठेवा आणि आधी ट्रॅक पायी चाला. चौघांनी एकत्र. आयोजक सकाळी ट्रॅक वॉक देतात का विचारा, नसतील देत तर कुंपणाबाहेरून जेवढं दिसेल तेवढं. प्रत्येक वळणाला एकच नाव किंवा नंबर द्या आणि तेच चौघांनी वापरा. हौशी टीममध्ये एकाच वळणाला एक जण ‘पिटनंतरचं’, दुसरा ‘हेअरपिन’, तिसरा ‘तिथे मी आपटलो ते’ म्हणतो. मग रेडिओ कितीही महागाचा आणा.

कानात एकच आवाज, हे सक्तीचं. आणि तो आवाज चौघांतल्या सगळ्यात वेगवान माणसाचा नको. वेगवान माणूस दुसऱ्याला चालवताना बघून मनात स्वतः चालवत असतो आणि तेच बोलून दाखवतो. तुमच्या भांडणातला बोलणारा हाच असणार असा माझा अंदाज आहे, तुम्ही तसं लिहिलेलं नसलं तरी. त्याला कुंपणापाशी बघायला उभं करा, स्कीइंगच्या प्रशिक्षकासारखं. जे दिसेल ते त्याने आवाजवाल्याला सांगावं, ड्रायव्हरला नाही.

काय बोलायचं याची यादी आदल्या रात्री लिहून काढा आणि ती लहान ठेवा. आत ये. इतके लॅप राहिले. अमुक वळणावर पिवळा झेंडा. मागचा इतका जवळ, आणि हे फक्त ज्याला हवं त्यालाच. ‘जोर लाव’, ‘शाबास’, ‘अरे काय करतोस’ यादीत नाही. बोलायचं ते सरळ पट्ट्यावर, ब्रेक लावताना कधीच नाही. कार्टमध्ये इंजिन कानाशी, हादरे अंगभर, हेल्मेट घट्ट. मधल्या वळणात आलेलं वाक्य निम्मं ऐकू येतं, आणि निम्मं वाक्य न आलेल्यापेक्षा वाईट.

आणि प्रत्येक निरोपाला पोच हवी. आपल्या लोकलमध्ये मोटरमनच्या केबिनमागच्या डब्यात बसलात तर ऐकू येतं: मागून गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) दोन टोले देतो, मोटरमन तेच दोन टोले परत देतो, मग गाडी हलते. तेवढंच करायचं. ‘पुढच्या लॅपला आत’ म्हटलं की ड्रायव्हरने ‘पुढच्या लॅपला आत’ म्हणायचं, किंवा रेडिओ नसेल तर पिट बोर्डासमोर हात वर करायचा. हात वर नाही झाला तर निरोप गेलेला नाही, पुढच्या लॅपला पुन्हा बोर्ड. ‘मी दाखवला होता’ याला अर्थ नाही.

पिवळ्या झेंड्याबद्दल एक सावधगिरी, कारण भाऊ कधी पाहुणा ड्रायव्हर म्हणून बसला तर गोंधळ व्हायचा. ट्रॅकवर पिवळा झेंडा म्हणजे वेग कमी करा, ओव्हरटेक नको. डाउनहिलच्या उतारावर पिवळा झेंडा म्हणजे ताबडतोब थांब, पुढे कुणी पडलंय, तुला पुन्हा फेरी मिळेल. कार्ट ट्रॅकवर कुणी तसा मधेच थांबला तर मागचे येऊन आदळतील.

उतरल्यानंतरचं बोलणं तुमच्याकडे बहुतेक होतच नसेल, आणि मला सगळ्यात जास्त फायदा तिथे दिसतो. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात, आणि गाडीचा तेव्हाचा खरा स्वभाव फक्त उतरणाऱ्यालाच माहीत असतो. तुमच्यातही उतरणाऱ्याने पुढच्याला सांगायच्या गोष्टी ठरवून ठेवा: ब्रेक कसा लागतोय, कुठे घसरतंय, कोणता स्पर्धक बेभरवशाचा आहे. बस. पण अदलाबदलीच्या क्षणी नाही, तेव्हा हेल्मेटं आणि घाई असते. शेवटच्या लॅपांत रेडिओवर सांगावं, नाहीतर आवाजवाल्याने आधीच विचारून पुढच्याच्या कानावर घालावं. आणि सविस्तर चर्चेला बसाल तेव्हा आधी चालवणाऱ्याला बोलू द्या, लॅपचे आकडे नंतर काढा. आकडे आधी काढले की माणूस आठवायचं सोडून सफाई द्यायला लागतो. मी हे कित्येक टीमच्या तंबूत बघितलंय.

हे सगळं चौघंही खरं बोलतील या भरवशावर आहे. तुमच्यात सगळ्यात वेगवान लॅप कुणाचा यावर पैज लागलेली असेल तर ती स्पर्धेपुरती मोडा. पैज असेल तर कुणी घसरड्या वळणाची खबर पुढच्याला देणार नाही, निदान पूर्ण देणार नाही.

रेडिओ घ्यायचाच झाला तर हे दोन-तीन सराव बोर्डावर काढल्यावर घ्या, तोवर कशासाठी लागतो ते तुम्हालाच कळलेलं असेल. आणि नियमपत्रिका हाती आली की एक कलम बघून मला कळवा: ड्रायव्हर बदलताना कार्ट तीच राहते की तीही बदलते? भाड्याच्या कार्टच्या स्पर्धांत बऱ्याचदा बदलतात. तसं असेल तर वर सांगितलेल्यातलं ब्रेकबद्दलचं वगळा, ट्रॅकचं आणि स्पर्धकांचं तेवढं ठेवा, आणि नव्या कार्टच्या पहिल्या दोन लॅपमध्ये कानात कुणीच बोलायचं नाही असं ठरवून टाका.